नवा कोर्स काढायचाय? आधी अकरावीच्या तुकड्या मोजा

प्रथम वर्षाचे प्रवेश संपतात, जागा रिकाम्या राहतात आणि मग कॉलेजात ‘नवीन अभ्यासक्रम समिती’ नेमली जाते. समितीत एक-दोन ज्येष्ठ प्राध्यापक, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक आणि नुकतेच रुजू झालेले एक-दोघे असतात. ज्येष्ठ मंडळी सल्ला देतात, काम नव्यांच्या गळ्यात पडतं. हा लेख त्या नव्यांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न असलेलं, तालुक्याच्या किंवा छोट्या जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज मी डोळ्यांसमोर ठेवलंय. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठांचे नियम वेगळे असतात, पण विद्यार्थी मोजायची रीत त्यांनाही लागू पडते.

समितीच्या पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, “डेटा सायन्स काढू या, सगळीकडे तेच चाललंय.” दुसरं कोणी एआय म्हणतं, तिसरं फॉरेन्सिक. नावांचा पाऊस पडतो. ही नावं कागदावर लिहून घ्या, हो-नाही काहीच म्हणू नका आणि बैठक संपवा. नावं शेवटी बघायची.

पहिलं काम: विद्यार्थी कुठून येतो?

ऑफिसात जाऊन मागच्या तीन वर्षांच्या प्रथम वर्षाच्या प्रवेशांची यादी मागा. विद्यार्थ्याचं गाव, बारावीचं कॉलेज, बारावीची शाखा, मुलगा की मुलगी, एवढे चार रकाने पुरेत. एक्सेलमध्ये गावनिहाय लावलं की तुमचं खरं क्षेत्र दिसतं. माहितीपत्रकात ‘संपूर्ण जिल्ह्यातून विद्यार्थी येतात’ असं छापलेलं असलं, तरी बहुतेक कॉलेजांचे विद्यार्थी दोन-तीन एसटी मार्गांवरच्या गावांतून आणि बारावीच्या सात-आठ कॉलेजांतून आलेले असतात.

आता त्या सात-आठ कॉलेजांत अकरावीला कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या किती तुकड्या आहेत आणि त्यातल्या किती खरंच भरल्यात, ते पाहा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागलेत, त्यामुळे हे आकडे पूर्वीपेक्षा सहज मिळतात. तरी एकदा फोन करून कनिष्ठ महाविद्यालयाच्या उपप्राचार्यांशी बोलाच. आज अकरावीत बसलेला मुलगा दोन वर्षांनी तुमच्या दारात येणार आहे. तुमचा नवा कोर्सही मंजुरीच्या सगळ्या फेऱ्या पार करून साधारण तेव्हाच सुरू होणार आहे. म्हणून यंदाचा बारावीचा निकाल कमी कामाचा, यंदाची अकरावी जास्त कामाची.

बऱ्याच उत्साहाचं पाणी इथेच ओसरतं. परिसरात विज्ञान शाखेच्या तीनच तुकड्या भरत असतील आणि त्यातली गणित घेतलेली बरीचशी मुलं एमएचटी-सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जात असतील, तर गणित लागणारा बी.एस्सी. डेटा सायन्स कोणासाठी काढायचा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यादीत मुलींची संख्या वेगळी मोजा आणि एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. प्रथम वर्षाला आल्यावर तो थांबतो आणि सवलतीचा पास काढावा लागतो. शिवाय प्रात्यक्षिकं पाच वाजेपर्यंत चालणार असतील आणि गावची शेवटची सोयीची गाडी साडेचारला असेल, तर ती मुलगी तुमच्या कोर्सला येत नाही. आलीच तर दिवाळीनंतर तिची प्रात्यक्षिकं बुडू लागतात. वेळापत्रक सकाळच्या सत्रात बसवता येईल असा कोर्स निवडला तर प्रवेश वाढतात, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलंय. प्रस्तावात मात्र या मुद्द्याला कोणी ओळभरही जागा देत नाही.

चौकशीची खिडकी

जून महिन्यात प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाकडे जी माहिती असते ती समितीतल्या कोणाकडेच नसते. “इथे बीसीए आहे का?” “नाही.” “बरं.” एवढ्यात पालक वळून निघून जातात. हा संवाद कुठेही नोंदला जात नाही. प्रवेशाच्या काळात त्या टेबलावर शंभर पानी वही ठेवा. तारीख, गाव, बारावीची शाखा, काय विचारलं आणि शेवटी प्रवेश घेतला की नाही, एवढंच लिहायचं. लिपिकाला हे वाढीव काम वाटतं, तेव्हा एखाद्या एनएसएसच्या मुलाला शेजारी बसवा. एका हंगामात ती वही अर्धी भरते आणि कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त सांगते.

बारावीच्या वर्गांत गुगल फॉर्म फिरवण्याची आता पद्धतच पडलीय. “हा कोर्स सुरू झाला तर प्रवेश घ्याल का?” असं विचारलं की शंभरातली ऐंशी मुलं हो म्हणतात, कारण हो म्हणायला पैसे पडत नाहीत. प्रश्न बदला. “तुमच्या ओळखीतलं कोणी मागच्या वर्षी बारावीनंतर बाहेरगावी गेलं का? कुठे, कोणत्या कोर्सला आणि वर्षाला साधारण किती खर्च येतो?” लोकांनी काय केलं ते विचारलं की उत्तर खरं मिळतं. पुण्याला किंवा नाशिकला खोली घेऊन राहणारी जी मुलं आहेत, त्यांच्यातली काही घरून ये-जा करता आली असती तर थांबली असती. नव्या कोर्सचा खरा ग्राहक तिथे सापडतो.

आपलीच मुलं आपणच पळवणं

नव्या माणसाच्या लक्षात न येणारी, पण सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. समजा, तुमच्याकडे बी.कॉम.च्या अनुदानित तुकडीत, म्हणजे जिथे शिक्षकांचा पगार शासन देतं, शंभर मुलं आहेत. तुम्ही विनाअनुदानित बीबीए सुरू केलं आणि त्याला तीस प्रवेश झाले. संस्थाचालक खूश. पुढे बी.कॉम.ची यादी उघडली तर तिथे पंचाहत्तर मुलं. म्हणजे कॉलेजात नवीन आलेली मुलं फक्त पाच.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. अनुदानित पदं कार्यभारावर, म्हणजे शिकवायच्या तासांवर टिकतात आणि कार्यभार विद्यार्थ्यांवर. तुकडीतली संख्या निकषाखाली गेली की विभागीय सहसंचालक कार्यालयाच्या तपासणीत पदावर प्रश्नचिन्ह लागतं, निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा भरायला परवानगी मिळत नाही आणि पगाराचा भार हळूहळू संस्थेवर येतो. नवा कोर्स कायम विनाअनुदानित तत्त्वावरच मिळणार, हे गृहीत धरा. तेव्हा शासनाच्या पगारावर शिकणारी मुलं उचलून संस्थेच्या पगारावर बसवण्यात काय शहाणपण आहे?

यावर उपाय आहे. नवा कोर्स अशा शाखेतून मुलं ओढणारा हवा जिथून आज तुमच्याकडे कोणी येतच नाही, किंवा अशा मुलांसाठी हवा जी आज गाव सोडून जातात. प्रस्तावात ‘या कोर्सला येणारा विद्यार्थी आज कुठे जातो’ असा परिच्छेद सक्तीने लिहा. तो लिहिता येत नसेल तर कोर्स बाजूला ठेवा.

स्पर्धा मोजताना शेजारच्या कॉलेजावर थांबू नका. मुक्त विद्यापीठ, आयटीआय, पॉलिटेक्निक, नर्सिंग, फार्मसी, सगळे त्याच मुलांवर जगतात. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने) चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी इंजिनिअरिंगच्या प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यानंतर शहरांतल्या कॉम्प्युटर शाखांच्या जागा वाढल्या आणि त्याचा फटका गावाकडच्या बी.एस्सी.ला बसला. कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात तसतशी आपल्याकडे प्रवेश घेऊन बसलेली मुलं दाखला काढायला रांगेत उभी राहतात. म्हणून जुलैतल्या प्रवेशसंख्येवर अंदाज बांधू नका, सप्टेंबरअखेरची संख्या घ्या.

बीबीए-बीसीएचा धडा

नियमाचा एक बदल एखाद्या कोर्सची मागणी कशी उलटीपालटी करतो, याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं. बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे वर्षानुवर्षं खात्रीचे कोर्स समजले जात. बारावीच्या गुणांवर प्रवेश, फी बरी, पालकांना नाव माहीत. २०२४-२५ पासून ते एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात सीईटी सेलने (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाने) त्यांच्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा घेतली. राज्यभरात एक लाखाहून अधिक जागा होत्या, पण मे महिन्यातल्या त्या परीक्षेला जागांच्या निम्मेही विद्यार्थी बसले नाहीत. बऱ्याच मुलांना परीक्षा असते हेच माहीत नव्हतं. मग ऑगस्टमध्ये अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली, आणि तोवर बरीच मुलं दुसरीकडे स्थिरावली होती.

काही कॉलेजांनी नावच बदललं. मुंबईत बीएमएसचं बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) झालं, म्हणजे एआयसीटीईही नाही आणि सीईटीही नाही. ही युक्ती काही काळ चालते. पण तिची दुसरी बाजू पाहा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मात्र त्यासाठी अभ्यासक्रम व्यावसायिक असावा लागतो आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून व्हावा लागतो. नाव बदलून सीईटी टाळली की हा मार्गही बंद होतो. तुमच्या क्षेत्रात मुली जास्त असतील तर सीईटीचा त्रास सोसलेला बरा. मुलगे जास्त असतील आणि सगळे शेवटच्या क्षणी ठरवणारे असतील, तर साधी पदवी बरी. एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. एवढं मात्र नक्की, की सीईटीचा कोर्स निवडलात तर परीक्षेचे अर्ज भरून घेण्याची मोहीम बारावीच्या वर्गांत जानेवारी-फेब्रुवारीतच चालवावी लागेल. जूनमध्ये माहितीपत्रकं वाटणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पदवीनंतरची दारं

पालक कोर्सबद्दल साधारण तीनच गोष्टी विचारतात. फी किती, नोकरी लागते का, आणि “यावर एमपीएससी देता येते का?” तिसऱ्या प्रश्नाला हसू नका. ग्रामीण भागात तोच निर्णायक असतो. राज्यसेवेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते, पण विशिष्ट विषयाची पदवी मागणाऱ्या पदांसाठी, बी.एड.साठी आणि एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी नाव आणि विषय पाहिले जातात. म्हणून पदवीचं नाव यूजीसीने निर्देशित केलेल्या नावांत बसतं का, आणि आपल्याच विद्यापीठात तिला पुढे कोणतं पदव्युत्तर दार उघडं आहे, हे लेखी तपासा. नाव जितकं लांब आणि चकचकीत, तितके खुलासे जास्त करावे लागतात.

नोकरीबद्दल माहिती घ्यायची तर एमआयडीसीत जा, पण “तुम्हाला कोणते पदवीधर हवेत?” असं विचारू नका. छान छान उत्तरं मिळतात आणि उपयोग शून्य. “मागच्या दोन वर्षांत किती जण घेतले, त्यांची पदवी काय होती, पगार किती दिला?” असं विचारा. बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतं की पदवी कोणतीही चालते, टॅली आणि एक्सेल आलं पाहिजे, इंग्रजीत मेल लिहिता आला पाहिजे. हे ऐकून निराश व्हायला होतं खरं. पण त्यातून कळतं की तुमच्या गावाला नवा कोर्स नको आहे, आहे त्याच बी.कॉम.मध्ये हे विषय हवे आहेत.

आणि ते आता करता येतं. राज्यात नवीन शैक्षणिक धोरणानुसारची रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. तीन वर्षांच्या पदवीच्या १३२ श्रेयांकांत (क्रेडिट्समध्ये) मुख्य विषयाबरोबर मायनर (दुय्यम विषय), खुले ऐच्छिक विषय, कौशल्य विषय आणि कार्यप्रशिक्षण यांना जागा आहे. डोक्यात असलेला नवा विषय आधी मायनर किंवा कौशल्य विषय म्हणून दोन वर्षं चालवून पाहा. साठपैकी दहाच मुलांनी निवडला तर लाखो रुपये वाचले. तुकडी भरून गेली आणि बाहेरच्या कॉलेजची मुलंही विचारू लागली, तर प्रस्तावाला जोडायला हातात पुरावा आला. चाचणीची ही सोय फुकट मिळालीय, तरी थेट कोर्स काढायचीच घाई होते, कारण मायनरचा फ्लेक्स लावता येत नाही.

हिशेब

संस्थाचालकांसमोर मांडला जाणारा हिशेब बहुधा असा असतो: साठ जागा, तीन वर्षं, म्हणजे १८० विद्यार्थी, गुणिले वर्षाची फी २० हजार, झाले ३६ लाख. हा हिशेब फाडून टाका.

खरा हिशेब असा मांडा. समजा, पहिल्या वर्षी ३५ आले. दुसऱ्या वर्षाला त्यातले २७ गेले, तिसऱ्याला २४. पहिल्या वर्षीचं उत्पन्न ७ लाख. खर्च? दोन शिक्षक, महिना २५ हजारांनी वर्षाचे ६ लाख. संगणकाचा कोर्स असेल तर ३० संगणक, प्रत्येकी ४० हजारांनी १२ लाख. विद्यापीठाची शुल्कं, पुस्तकं आणि वीज वेगळी. पहिलं वर्ष ११ लाखांहून जास्त तोट्यात. तिसऱ्या वर्षी तिन्ही वर्ग मिळून ८६ विद्यार्थी आणि उत्पन्न १७ लाख २० हजार, पण तोवर शिक्षक पाच झालेले, त्यांचे पगारच १५ लाख. उरलेल्या दोन-सव्वादोन लाखांत प्रयोगशाळा सहायक, दुरुस्ती आणि पहिल्या वर्षीचा खड्डा, सगळं भागवायचं.

त्यातही ती फी कागदावरची. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांची फी शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून येते आणि ती कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. शिक्षकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो. म्हणून ‘निम्मी फी दहा-बारा महिने उशिरा आली तर पगार कुठून?’ हा प्रश्न कार्यवाहांना बैठकीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

शिक्षक स्वस्तात मिळतील, तासिका तत्त्वावर (तासांप्रमाणे मानधन देऊन) भागवू, असं म्हणणारे असतातच. नव्या विषयाला तालुक्याच्या ठिकाणी पात्र शिक्षक मिळणं हीच खरी अडचण आहे. जाहिरात काढण्याआधी दोन माणसं नजरेत असावीत. शिक्षक वर्षाच्या मध्यात सोडून गेला की ती बातमी बारावीच्या वर्गांत सगळ्यात आधी पोचते.

कागदपत्रं आणि तारखा

हा भाग किचकट आहे, अवघड नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ उघडा. कलम १०७ मध्ये बृहत आराखड्याची, म्हणजे विद्यापीठाच्या क्षेत्रात कुठे कोणती कॉलेजं आणि कोर्स हवेत याच्या नियोजनाची तरतूद आहे, कलम १०९ मध्ये नवं महाविद्यालय, अभ्यासक्रम, विषय आणि वाढीव तुकडी यांच्या परवानगीची पद्धत. बृहत आराखडा पाच वर्षांचा असतो, सध्याचा २०२४-२५ ते २०२८-२९ असा आहे. तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतो. तुमच्या तालुक्याबद्दल त्यात काय म्हटलंय ते वाचा, आणि प्रस्तावात आराखड्याच्या त्या पानाचा उल्लेख करा. छाननी करणाऱ्यांचं काम सोपं होतं.

अर्ज विद्यापीठाकडे जातो. तिथे छाननी होते, शिफारशीसह तो शासनाकडे जातो आणि अंतिम परवानगी शासनाची. अर्जाची शेवटची तारीख दरवर्षीच्या विद्यापीठाच्या जाहिरातीत पाहा, साधारणपणे ती आदल्या शैक्षणिक वर्षातच संपते. बीबीए-बीसीएसारख्या कोर्सला एआयसीटीईची मान्यता वेगळी घ्यावी लागते आणि त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

एक गोष्ट आधी पाहून घ्या: त्या कोर्सचा अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठाने मंजूर केलेला आहे का? असेल तर रस्ता सोपा. नसेल तर अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद अशी चढण आहे आणि त्यात वर्ष सहज जातं. स्वायत्त महाविद्यालयांना इथे मोकळीक आहे, स्वतःच्या विद्यापरिषदेत मंजूर करून विद्यापीठाला कळवता येतं. त्या मोकळिकीमुळेच काही स्वायत्त कॉलेजांत कोर्सची संख्या वाढली आणि प्रत्येकात दहा-पंधराच मुलं उरली.

आता नावांकडे या

पहिल्या बैठकीतला कागद काढा. प्रत्येक नावासमोर पाच गोष्टी लिहा: क्षेत्रातल्या अकरावीत या कोर्सला पात्र मुलं किती, ती आज कुठे जातात, शिक्षक कोण, तिसऱ्या वर्षाचा हिशेब आणि पुढची दारं. दहा नावांतून बहुधा दोन उरतात. कधी एकही उरत नाही. तसं झालं तर समितीचा अहवाल ‘यंदा नवा कोर्स नको, अमुक दोन मायनर सुरू करावेत’ असा द्यायला कचरू नका. तो अहवालही तितकाच कामाचा.

एक नाव उरलं आणि महाविद्यालय विकास समितीपुढे ठराव मांडायची वेळ आली, तर त्याच ठरावात बंद करण्याची अटही घाला. सप्टेंबरअखेरची प्रथम वर्षाची संख्या सलग दोन वर्षं अमुक आकड्याच्या खाली राहिली तर तिसऱ्या वर्षी नवे प्रवेश घेणार नाही, विद्यापीठाला वेळेत कळवू, पण आत असलेल्या प्रत्येक मुलाला त्याच शिक्षकांकडून पदवी पूर्ण करून देऊ. आकडा तुमच्या हिशेबातून काढा, वरच्या उदाहरणात तो तीसच्या आसपास येईल. हे सुरुवातीलाच लिहून घ्यायचं, कारण कोर्स सुरू झाल्यावर तो कोणाचा तरी मानाचा विषय होतो आणि मग बारा मुलांचा वर्ग सहा-सहा वर्षं चालत राहतो.